वॉबफेट: न हरण्याचा हक्क

बचावाला मर्यादा असते का? ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेममधला वॉबफेट पाहू. १९९९ साली आलेला हा निळा प्राणी स्वतःहून वार करत नाही. बसलेला घाव दुपटीने परत करतो. २००२च्या आवृत्तीत समोरच्याला मैदान सोडू न देण्याची शक्ती त्याला मिळाली. आता दोन वॉबफेट समोरासमोर आले, आणि दर फेरीला थोडी ताकद भरून देणारा खाऊ दोघांजवळ असला, तर? कोणी पडेना, कोणी हटेना, लढाई संपेचना! २००६मध्ये नियमच बदलले: वॉबफेट वॉबफेटला अडवू शकत नाही, आणि चाली संपल्यावर प्रत्येक धडपडीला स्वतःची पाव ताकद जाते. म्हणजे आपल्याला काय दिसतं? हार टाळणं हा हक्क आहे. शेवटच टाळणं, हा नव्हे.