बेझ्ये पृष्ठ
त्रिमितीय अवकाशातील वक्र पृष्ठाचे मोजक्या बिंदूंच्या जाळीवरून समीकरणांनी वर्णन करण्याचा एक प्रकार. गोल, शंकू, विवृत्ताभ इ. पृष्ठे द्विघाती समीकरणांनी मांडता येतात व त्यांचे वर्गीकरण लेनर्ड ऑयलर यांनी १७४८ मध्येच केले होते. मोटारगाडीचा टप किंवा मडगार्ड मात्र अशा एका समीकरणात बसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेखाचित्रात अशा आकाराचे काही छेदच दाखवीत. मधला भाग कारागीर लाकडी वा प्लॅस्टरच्या नमुन्यावर हाताने जुळवीत. पुढचे साचे या नमुन्यावर बेतले जात. नमुनाच किंचित वेडावाकडा झाला, तर खरा आकार कोणता हे सांगण्यास दुसरा आधार नसे.

फ्रान्समधील सित्रोएन कंपनीतील तरुण गणितज्ञ पॉल द कास्तेलझो (१९३०–२०२२) यांनी १९५९ मध्ये यावर उपाय शोधला. क्रमाने घेतलेल्या बिंदूंपैकी लगतचे बिंदू जोडणारे रेषाखंड एकाच गुणोत्तरात विभागावयाचे, मिळालेल्या बिंदूंवर तीच क्रिया करावयाची व एकच बिंदू उरेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. विभाजनाचे प्रमाण ० पासून १ पर्यंत बदलत नेले की, हा शेवटचा बिंदू वक्र रेखतो. दोन स्वतंत्र प्रचल घेऊन हीच कृती बिंदूंच्या जाळीवर केली असता पृष्ठ मिळते. इतकी साधी, शालेय भूमितीत शोभणारी ही रचना कंपनीने व्यावसायिक गुपित म्हणून दडवून ठेवली.

रेनो कंपनीतील अभियंते प्येर बेझ्ये (१९१०–९९) हे स्वतंत्रपणे, निराळ्या वाटेने याच पृष्ठांपर्यंत पोहोचले. त्यांनी आपले काम १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले आणि पृष्ठाला त्यांचे नाव मिळाले. यात बेझ्ये यांचा दोष नाही. प्रसिद्ध न झालेल्या शोधाची दखल कोण घेणार? ए. आर. फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये बेझ्ये यांची मांडणी बर्नस्टाइन बहुपदींत लिहून दाखविली. सर्ग्येई बर्नस्टाइन यांनी या बहुपदी १९१२ मध्ये अगदी वेगळ्या, शुद्ध गणितातील सिद्धतेसाठी योजिल्या होत्या. द कास्तेलझो यांचे अग्रमान्यत्व बाहेरच्या अभ्यासकांना १९७५ च्या सुमारास उमगले. आज त्यांचे नाव वरील कृतीला दिले जाते.

व्यवहारात बहुधा १६ बिंदूंचे द्वि-त्रिघाती खंड एकमेकांस जोडतात. सर्वसाधारणपणे त्यांतील चार कोपऱ्यांचे बिंदूच पृष्ठावर असतात. उरलेले पृष्ठास आपल्याकडे ओढतात. यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये अशाच खंडांतून चहाची किटली घडविली व ती संगणकीय आलेखिकीत नमुना म्हणून रूढ झाली. गंमत अशी की, बहुपदी बेझ्ये खंडांनी साधा गोल मात्र अचूक मिळत नाही. त्यासाठी दोन बहुपदींच्या भागाकाराची परिमेय रूपे वापरावी लागतात.