सुभेदार रामजीबाबांचे बिऱ्हाड

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असे मंडळाची तरुण मुले सांगायला आली, तेव्हा आम्ही ठरवले की यंदा परमपूज्य बाबासाहेबांवर न लिहिता त्यांच्या वडिलांवर लिहावे. जयंतीच्या सभेत आपण रामजी सुभेदारांना एका वाक्यात उरकतो. ‘वडील लष्करात सुभेदार होते’, बस्स. आम्हीही स्टेजवर तेच केले आहे. पण चाळीच्या एका खोलीत पोरे वाढवलेल्या माणसाला हा बाप फार जवळचा वाटतो, म्हणून हा लेख.

रामजीबाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. त्यांचे वडील मालोजी सकपाळ हेही पलटणीत होते. त्या काळी पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकणे भाग होते, आणि त्याच वाटेने रामजीबाबा शिकले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. मुरबाडच्या मुरबाडकर सुभेदारांची कन्या भीमाबाई ही त्यांची पत्नी. चौदा लेकरे झाली. त्यांतली बरीच लहानपणीच गेली. चौदावे रत्न १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले, हे सांगायला नकोच.

पेन्शन घेऊन ते दापोलीला आले आणि नंतर साताऱ्याला. याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या पलटणीने आपल्याला अक्षर दिले, तिचे दार पुढच्या पिढीला बंद झाले, हे रामजीबाबांना सहन झाले नाही. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज केला. स्वतःचे पेन्शन चालू होते, गप्प बसले असते तर कोणी विचारले नसते. समाजाचे काम म्हणजे नेहमी मोर्चाच असे नाही हो, अर्ज लिहिणे हेही कामच आहे. युनियनमध्ये राहून आम्हाला एवढे कळले.

१८९६ साली साताऱ्यात भीमाबाई गेल्या. मागे पोरे आणि सांभाळायला आत्या मीराबाई. पुढे रामजीबाबांची नोकरी खटाव तालुक्यात गोरेगावला. दुष्काळात लोकांना हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता, त्या कामावर ते कॅशियर होते. १९०१ साली पोरे त्यांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली आणि स्टेशनवर न्यायला कोणीच नाही. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली. रात्रभर प्यायला पाणी नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पत्र पोहोचले होते, पण शिपायाने ते वडिलांना दिलेच नाही. आपण हा प्रसंग पोरांच्या बाजूने ऐकतो. दुसऱ्या दिवशी तहानलेली पोरे दारात पाहून त्या बापाला काय वाटले असेल, याचाही एकदा विचार करून बघा.

त्यानंतर मुंबई. लोअर परळची डबक चाळ, आपल्याच गिरणगावातली. एकच खोली, त्यातच चूल, सरपण, माणसे. भीमाने संध्याकाळी लवकर झोपायचे, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग पोराला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. एका खोलीत दोन माणसांची पाळी लावली होती म्हणा ना! इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेत.

पोराला पुस्तक हवे असले की पेन्शनर बापाकडे पैसे कुठले? मग ते मुंबईत दिलेल्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिचा दागिना मागून घेत, गहाण ठेवत, पुस्तक आणत, आणि पेन्शन आले की सोडवून परत देत. तुळसा आणि मंजुळा या त्या लेकी. सासरी नांदणाऱ्या बाईने अंगावरचा दागिना काढून देणे सोपे नसते, आमच्या माता-भगिनींना हे जास्त कळेल. आणखी एक. दोघा भावांची फी झेपेना तेव्हा आनंदरावांची शाळा सुटली आणि ते नोकरीला लागले. त्यांचे नाव आपण किती वेळा घेतो?

रामजीबाबांना देव्हाऱ्यात बसवायची आमची इच्छा नाही. ते कडक होते. त्यांनी दुसरे लग्न केले ते भीमाला आवडले नव्हते. कबीरपंथी असूनही रामायण-महाभारताचे वाचन घरात सक्तीचे होते. भीमा इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा लोकांना सभा भरवायची होती, तर बापाचाच विरोध, की पोराच्या डोक्यात हवा जाईल! (आपल्याकडे हा प्रसंग मॅट्रिकचा म्हणून सांगतात, पण बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथी असे लिहिले आहे.) दादा केळुसकरांनी मन वळवले, सभा झाली, आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र पोराच्या हाती दिले. ते वाचून पोराने बापाला विचारले, आम्हाला हीन लेखणारे हे ग्रंथ आमच्याकडून का वाचून घेता? बाप रागावला. वेडे प्रश्न विचारू नकोस, सांगितले तेवढे कर. काही दिवसांनी पोराने पुन्हा विचारले. या वेळी सुभेदार उत्तर तयार ठेवून बसले होते. आपण अस्पृश्य, मनात कमीपणा येतो, म्हणून कर्ण, द्रोण, वाल्मीकी वाचायचे, छोटी माणसे किती मोठी झाली ते बघायचे. पोराचे समाधान झाले नाही ते नाहीच. पण रागावलेला बाप त्या प्रश्नावर विचार करत राहिला, हे आम्हाला मोठे वाटते. आम्ही घरात मुलाला एकदा गप्प केले की विषय संपला.

पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्या घेतल्या. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव वडिलांच्या मनाविरुद्ध बडोद्याच्या नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तेव्हा सुभेदारांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये लेक अमेरिकेला पोहोचला. ते बघायला बाप नव्हता.

आपल्या विहाराच्या वार्षिक कार्यक्रमात २ फेब्रुवारी हा दिवस घालावा, आणि त्या दिवशी मीराबाई, तुळसा, मंजुळा आणि आनंदराव यांचीही नावे घ्यावीत, असा विषय आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडला आहे. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. जयभीम.