जखम भरल्यानंतर

डोंबिवलीचा प्रवासी कल्याणास गाडी बदलून घाट चढला, म्हणजे पुणें येण्यापूर्वीं त्याला खडकी स्टेशन लागतें. दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी छावणी यांमुळें हें नांव ओळखीचें आहे. परंतु लढाई संपल्यावरहि ज्यांचें दुखणें संपलें नाहीं, अशा शिपायांचा इतिहास याच गांवीं सांठला आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

पहिल्या महायुद्धांत सहावी पुणें डिव्हिजन मेसोपोटेमियांत लढली. तींत मराठा पलटणीहि होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत येथें तिला शस्त्रें खालीं ठेवावीं लागलीं. युद्धांत पंगु झालेल्या हिंदी शिपायांस धंदेशिक्षण देण्यासाठीं गव्हर्नरपत्नी लेडी विलिंग्डन यांनीं १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरी टेक्निकल स्कूल काढलें. पुढें तें खडकीस आलें. १९४४ मध्यें पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें, आणि १९७४ मध्यें कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं खडकींतच पुनर्वसन केंद्र. धंदा, नवा पाय, चाकांची खुर्ची, हीं सर्व मोजतां येणारीं साधनें. पेन्शनच्या कागदावर पाय तुटल्याची नोंद सहज होते; पण तुटून गेलेल्या त्या पायाच्या बोटांत रात्रीं उठणारी कळ कोणत्या रकान्यांत लिहावी?

ही कळ कल्पनेंतली नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत फिलाडेल्फियाच्या इस्पितळांत सायलस वेअर मिचेल या डॉक्टरानें मज्जातंतूंना गोळी लागलेले शिपाई तपासले. जखमा भरल्या होत्या; पण हाताची आग थांबत नव्हती. कित्येक जण हातावरचें ओलें फडकें क्षणभरहि काढीत नसत. वर्तमानपत्राची सळसळ, शेजारून जाणाऱ्याचें पाऊल, एवढ्यानेंहि ते कळवळत. १८६४ मध्यें मिचेल व त्याचे सहकारी यांनीं हें सारें ग्रंथरूपानें मांडलें. नसलेल्या अवयवाच्या भासाला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचें नांव १८७१ मध्यें त्यानेंच दिलें. नांव चमत्कारिक खरें, परंतु त्यामुळें शिपायाला खोटारडा ठरविणें अवघड झालें.

१९४४ मध्यें इटलीच्या रणभूमीवर हेन्री बीचर या डॉक्टरास याच्या नेमकें उलट दृश्य दिसलें. भयंकर जखमी झालेल्या शिपायांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश जणांनीं वेदनाशामक औषध नको म्हटलें! बीचरनें लावलेला अर्थ असा कीं, त्यांना ती जखम म्हणजे जिवंत घरीं जाण्याचा परवाना वाटत होता. जखमेवरून वेदनेचें माप घेतां येत नाहीं, हें वैद्यकाला शिपायांनीं शिकविलें. १९६५ मध्यें मेल्झॅक व वॉल या दोघांनीं त्याची उपपत्ति सांगितली: मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे, खालून येणारी कळ तें उघडूं पाहते, आणि वरून येणारा मेंदूचा हुकूम तें लोटूं शकतो.

विलयनूर रामचंद्रन यांनीं पुढें साध्या आरशाचा उपाय काढला. शाबूत अवयवाचें प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागीं दिसेल असा आरसा धरावयाचा. २००७ मध्यें अमेरिकेच्या लष्करी इस्पितळांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. पाय गमावलेल्या ज्या सहा जणांनीं आरशांत पाहून व्यायाम केला, त्या सहाहि जणांची वेदना चार आठवड्यांत उतरली. संख्या लहानच म्हणावी लागेल. तरी शिपायांवर अजमावलेला हा उपाय लोकलखालीं पाय गमावलेल्या डोंबिवलीच्या चाकरमान्याच्याहि उपयोगाचा आहे. आरशाला काय, दोन पैशांचा खर्च.

घरच्या माणसांकडे मात्र शास्त्राचें लक्ष उशिरां गेलें. १९८५ मध्यें रॉबर्ट कर्न्स व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कर्न्स हे वेस्ट हेव्हन येथील माजी सैनिकांच्या इस्पितळांत काम करीत. ‘तुम्हांला दुखतें तेव्हां जोडीदार काय करतो?’ या प्रश्नाला तींत स्वतंत्र भाग होता. हातचें काम काढून घेतो, मन दुसरीकडे वळवितो, कीं चिडतो? अति जपणाऱ्या घरांत दुखणें अधिक सांगितलें जातें आणि चिडणाऱ्या घरांत रुग्णाचें मन अधिक खचतें, असें पुढील अभ्यासांत वारंवार आढळलें. यांत पत्नीला दोष देणें अन्यायाचें होईल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत वर्षानुवर्षें रात्रीं उठणाऱ्या बाईचा तोल कोणत्याहि बाजूस जाऊं शकतो. म्हणून कांहीं ठिकाणीं आतां रुग्णाबरोबर तिलाहि बोलावून बसवितात, आणि कळ आली असतां काय करावें व काय करूं नये, हें दोघांना एकत्र सांगतात.