टॅपेंटाडॉल

तीव्र वेदनांवर दिले जाणारे, प्रयोगशाळेत बनणारे अफूवर्गीय औषध. जर्मनीतील ग्र्युनेन्थाल कंपनीने ते विकसित केले. २००८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंदूतील ज्या ठिकाणी मॉर्फिन काम करते तिथेच तेही काम करते. मॉर्फिनपेक्षा सौम्य, पण त्याच वर्गातल्या ट्रामाडॉलपेक्षा जहाल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत ते गुणकारी आहे. नशेसाठी विकली जाणारी गोळी मात्र वेगळी असते: तिच्यात टॅपेंटाडॉलबरोबर कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे, गुंगी आणणारे औषध मिसळलेले असते. दोन्ही औषधे श्वास मंदावतात. या मिश्रणाला जगात कुठेही औषध म्हणून मान्यता नाही.

ही गोळी महाराष्ट्रातूनच बाहेर जात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याच्या आधारे दाखवून दिले, की मुंबईची अव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी असे मिश्रण घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टकडे पाठवते. टॅफ्रोडॉल हे त्यातले एक नाव. वेष्टन रीतसर औषधाचे, विक्री मात्र रस्त्यावर. उत्तर घानातील टमाले शहरात तर गोळ्यांचे साठे शोधून जाळण्यासाठी रहिवाशांनी स्वतःचे पथक उभे केले होते. बातमी येताच केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन यांनी कंपनीच्या पालघर जिल्ह्यातील कारखान्यावर छापा घातला. सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल आणि कच्च्या औषधाच्या २६ बॅच जप्त झाल्या, उत्पादन थांबवले गेले, घानाकडे निघालेला माल मुंबई विमानतळाच्या मालवाहतूक विभागात अडवला गेला. या मिश्रणाच्या निर्यातीसाठी दिलेले परवाने देशभर रद्द झाले. परवाने होते, म्हणूनच ते रद्द करावे लागले, हे विसरून चालणार नाही.

टॅपेंटाडॉलची चलती वाढण्याआधी पश्चिम आफ्रिकेत ट्रामाडॉल खपत होते. एप्रिल २०१८ मध्ये भारताने ट्रामाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली (१९८५) आणले आणि त्याची निर्यात अवघड झाली. धंदा थांबला नाही, त्याने फक्त रेणू बदलला. छाप्याच्या वेळी टॅपेंटाडॉल त्या कायद्याच्या यादीत नव्हते. एकेक नाव यादीत घालत बसण्याची ही पद्धत कारखानदाराच्या नेहमी एक पाऊल मागे राहते.

याच अफूवर्गातले फेंटानिल कितीतरी अधिक घातक. मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, जीवघेणे ठरू शकतात. २०२२ मध्ये अमेरिकेत फेंटानिल आणि तत्सम कृत्रिम पदार्थांनी ७० हजारांहून अधिक बळी घेतले. सप्टेंबर २०१८ मध्ये इंदूरच्या एका प्रयोगशाळेतून महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे नऊ किलो फेंटानिल पकडले होते.

ट्रामाडॉल-टॅपेंटाडॉल घेणाऱ्यांत अंगमेहनत करणारे पुष्कळ. दुखणे विसरून आणखी चार फेऱ्या मारता याव्यात, म्हणून गोळी पोटात जाते. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाचा विचार इथे करावा लागतो. पहाटेपूर्वी गाड्या लागतात, पोती पाठीवरून गाळ्यात जातात, आणि कंबर-मान-गुडघे धरणे हे हमालाच्या रोजच्या कामाचेच फळ असते. पोते शंभर किलोचे नको, पन्नासचे हवे, ही मागणी बाबा आढावांच्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने लावून धरली, ती याच दुखण्यासाठी. ओझे कमी करणे हा वेदनेवरचा खरा उपाय. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी पट्टी हा नव्हे. अंगदुखीची गोळी मागताना तिचे नाव वाचून घ्यावे, आणि ‘ताकदीची’ म्हणून कुणी सुटी गोळी दिली तर ती घेऊच नये.

अशी गोळी नियमित घेतल्यास काही आठवड्यांतच शरीर तिच्यावर अवलंबून राहू लागते. बंद केली की घाम, अंगठणका, जुलाब, झोप उडणे, जीव घाबरा होणे. मात्रा वाढवत नेणाऱ्याला फिट येऊ शकते. जास्त मात्रेची खूण ओळखावी: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ-नखे निळसर पडतात, श्वास लांबतो आणि घशातून घरघर येते. लोक त्याला गाढ झोप समजून सोडून देतात, तिथेच माणूस जातो. अशा वेळी जोराने हलवून हाक मारावी, १०८ ला फोन करावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि रिकामी पट्टी डॉक्टरांना दाखवण्यासाठी जपून ठेवावी. नॅलोक्सोन हा उतारा टॅपेंटाडॉलचा परिणाम काढतो, कॅरिसोप्रोडॉलचा नाही. म्हणून इंजेक्शनने शुद्ध आली तरी रुग्णाला घरी नेऊ नये.

व्यसन जडलेल्यांसाठी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे केंद्र आहे. ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या लाटेत पोरे बुडताना पाहून डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर मिळते.