दिवा कोणासाठी लागतो?

बीड जिल्ह्यात मोटारीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. परळीला आगगाडी फार पूर्वीपासून आहे. पण खुद्द बीड शहराला ती मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. निजामी राज्याच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन सडकेवरील प्रवासी वाहतूक आरंभिली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे एस.टी. गावोगाव पोचली. या साऱ्या काळात बीडकरांचे येणेजाणे सडकेच्याच आधारावर चालले. अशा मुलखात गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागावा आणि गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागावी, ही केवळ हौशी माणसाची कुरकुर नव्हे. अंबाजोगाईच्या दवाखान्यात रोगी नेणाऱ्या चालकाच्या घरखर्चाचा तो प्रश्न असतो.

मागच्या पिढीतील चालकाजवळ हा दिवा नव्हता. त्याची इंद्रिये हेच त्याचे यंत्र. काळा धूर दिसला की पेट्रोल जास्त जाते, निळा दिसला की ऑइल जळते, हे त्याला ठाऊक असे. मिस्त्री प्लग काढून पाही. टोक काजळलेले असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक, पांढुरके असेल तर हवा अधिक, विटकरी असेल तर सारे ठीक. मग कार्बुरेटरचा स्क्रू थोडा इकडेतिकडे फिरवून काम भागे. ही विद्या ग्रंथात नव्हती, हातात होती.

मग हा दिवा आला कोठून? याचे उत्तर आपल्याला दूर, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात सापडते. त्या शहरावर डोळे चुरचुरविणारे धुरके दाटून राही. ते मोटारींच्या आणि तेलशुद्धी कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले. त्यातून कायदे झाले. १९७५पासून तेथील मोटारींच्या धुराड्यात विषारी वायू निवळविणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. पण हे यंत्र नीट चालावयाचे तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे वजनी प्रमाण काटेकोर राखावे लागते. स्क्रूने ते साधेना. म्हणून धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर आला आणि त्याचा निरोप घेऊन पेट्रोल कमीजास्त करणारा छोटा संगणक आला. ही व्यवस्था बिघडली तर कळावे कसे? कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या मोटारींपासून त्यासाठी दिव्याची सक्ती केली, आणि १९९६पासून साऱ्या अमेरिकेत तपासणीची एकच पद्धत झाली. भारतात महानगरांमध्ये १९९५ साली शिसेविरहित पेट्रोल आणि कन्व्हर्टर आले. दिव्यामागची ही तपासणी २०१०पासून आणि अधिक कडक स्वरूपात २०१३पासून बंधनकारक झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हा दिवा मालकाच्या खिशासाठी जन्मलेला नाही. हवेच्या राखणीसाठी जन्मलेला आहे. म्हणूनच दिवा लागूनही ॲव्हरेज जसेच्या तसे राहू शकते आणि ॲव्हरेज घसरूनही दिवा विझलेलाच राहू शकतो. दोन्ही एकदम घडले तरच त्यांचे मूळ एक असण्याचा संभव अधिक. खात्री तेव्हाही नाही.

माझ्याच गाडीचा अनुभव सांगतो. बीडहून मांजरसुंबा, केज या मार्गाने अंबाजोगाईला माझे नेहमी जाणे असते. एके दिवशी दिवा लागला आणि महिनाभरात पेट्रोलचा खर्च चांगलाच वाढला. एका गॅरेजात यंत्र जोडून संकेतांक वाचला. ‘मिश्रणात हवा जास्त’ असा त्याचा अर्थ निघाला. सेन्सर बदलला, दिवा विझला, मी पैसे देऊन घरी आलो. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने यंत्र जोडण्यापूर्वी थंड गाडी सुरू करून बॉनेटखाली कान लावला. धुराड्याच्या सांध्यावरचे गॅस्केट फुटून फसफस असा बारीक आवाज येत होता. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरे. सेन्सर ती इमानाने मोजी. संगणक समजे की पेट्रोल कमी पडते आहे आणि ते वाढवी. सेन्सर खोटे बोलत नव्हता. जे त्याच्यासमोर आले तेच तो सांगत होता. चूक आमची, की आम्ही साक्षीदारालाच आरोपी ठरविले. थोड्या पैशांच्या गॅस्केटने काम झाले.

संकेतांक हा निकाल नव्हे, ती फिर्याद होय. फिर्याद लिहून घ्यावी, पुसून टाकू नये; कारण संकेतांकाबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते. दिवा लुकलुकू लागला तर मात्र चौकशीला थांबू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जात आहे, असा त्याचा अर्थ. वेग तत्काळ उतरवावा आणि गाडी कडेला घ्यावी.

आता दिवा न लागता वाढणाऱ्या खर्चाविषयी. चाकात हवा कमी, ब्रेक घासत राहणे, टपावरचे ओझे, घाटातील चढ, यांपैकी दिव्याला काही दिसत नाही. आणखी एक कारण खुद्द पेट्रोलच्या टाकीत आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली आपल्याच मिरज आणि मनमाड येथे झाले. २००३मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले आणि २०२५मध्ये देशात ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच भरते. जुन्या घडणीच्या चारचाकीचे ॲव्हरेज अशा मिश्रणाने सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच दिलेला आहे. तेव्हा घट तेवढीच असेल तर मिस्त्रीला दोष देऊ नये. वीस-पंचवीस टक्के असेल तर इथेनॉलवर खापर फोडू नये. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या रस्त्याने काही शे किलोमीटर जावे, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून भागाकार करावा. इतका हिशेब प्रत्येकाला जमतो.

या हिशेबात बीडकरांनी एक आकडा विसरू नये. दसरा झाला की याच जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांचे तांडे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. पेट्रोलमधील इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो. म्हणजे आपल्या टाकीतील काही थेंबांत आपल्याच शेजाऱ्याचा घाम आहे. ॲव्हरेज घटल्याची तक्रार आपण मोठ्याने करतो. त्या घामाला काय भाव मिळाला, हे सांगणारा दिवा मात्र कोणत्याही डॅशबोर्डावर नाही. तो हिशेब आपल्यालाच विचारावा लागेल.