नवा लॅपटॉप आता घ्यावा की थांबावे? यंदाचे गणित वेगळे

संगणकाच्या खरेदीबाबत जाणकार वर्षानुवर्षे एकच सल्ला देत आले : निभावते तोवर थांबा, सहा महिन्यांनी तेवढ्याच पैशांत अधिक वेगवान यंत्र मिळेल. २०२५च्या उत्तरार्धापासून मात्र या सल्ल्याचा पायाच डळमळीत झाला आहे. लॅपटॉपमधील रॅमच्या चिपा जगभर झपाट्याने महागल्या आणि त्यापाठोपाठ एसएसडी साठवणीचे दरही चढू लागले. प्रवेशाच्या हंगामात मुलासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाचा किंवा घरून काम करणाऱ्या व्यावसायिकाचा निर्णय त्यामुळे अवघड झाला आहे.

दरवाढीचे मूळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांत आहे. जगातील बहुतांश डीरॅम चिपा दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स व अमेरिकेच्या मायक्रॉन या तीनच कंपन्या तयार करतात. डेटा केंद्रांना लागणाऱ्या विशेष वेगवान मेमरीत नफा मोठा असल्याने कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि सामान्य संगणकांच्या वाट्याला येणारा पुरवठा आटला. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने थेट ग्राहकांना होणारी रॅम व एसएसडीची विक्री बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हा कल स्पष्टच झाला. त्याच महिन्यात एका डॉलरचा भाव प्रथमच ९० रुपयांपलीकडे गेला. लॅपटॉप आणि त्याचे बहुतेक मुख्य सुटे भाग भारतात आयात होत असल्याने रुपयाची घसरण किमतीत उतरतेच. लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क नाही. वस्तू व सेवा कर मात्र १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये या कराचे दर बदलले तेव्हा मोठ्या आकाराचे दूरचित्रवाणी संच स्वस्त झाले, लॅपटॉपला मात्र सवलत मिळाली नाही.

मग दर उतरेपर्यंत थांबावे का? पूर्वानुभव पाहता ते उतरतात, पण सावकाश. २०११च्या अखेरीस थायलंडमधील महापुराने हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि किमती कडाडल्या. त्या पूर्वपदावर यायला वर्षाहून अधिक काळ लागला. २०१७-१८ मध्ये रॅम महागली होती, ती २०१९ मध्ये घसरली. चिपांचा नवा कारखाना उभारून त्यातून माल बाहेर पडायला काही वर्षे जातात. त्यामुळे दोन-तीन महिने थांबून काही हजार रुपये वाचवण्याची आशा सध्या फारशी व्यवहार्य नाही. उलट, दर आणखी वाढतील या धास्तीने चालते यंत्र बाजूला सारून नवे घेणे हीदेखील बचत म्हणता येणार नाही.

खरा प्रश्न जुन्या यंत्राच्या स्थितीचा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय असून, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून सेटिंग्ज त्या खात्यावर साठवणाऱ्यांना ती शुल्काविना मिळते. या तारखेनंतर संगणक सुरू राहील, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले जाते, त्याच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१८ नंतर घेतलेली बरीच यंत्रे नव्या प्रणालीवर नेता येतात. ती आधी तपासावीत.

अनेकदा यंत्र संथ होण्याचे कारण प्रोसेसर नसतोच. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. बॅटरी बदलणे हा दुसरा तुलनेने स्वस्त उपाय. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरुचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे ही कामे नित्याची आहेत. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स ही मोफत प्रणाली चालते. टंकलेखन, ईमेल आणि ऑनलाइन वर्गांसाठी ती पुरेशी आहे. लेखापालनाची किंवा अभियांत्रिकी आरेखनाची केवळ विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर लागत असतील, तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

अभ्यासक्रम सुरू होत असेल किंवा बिजागरी तुटून पडद्याने मान टाकली असेल, तर मात्र वाट पाहण्यात हशील नाही. अशा वेळी पहिला निकष रॅमचा ठेवावा. आजकालच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावर कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून ८ जीबीवर भागवण्याऐवजी १६ जीबी घ्यावी, किंवा रॅमचा रिकामा खाच असलेले मॉडेल निवडावे. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरची किमान रॅम १६ जीबी केली. तुटवड्याच्या काळात किंमत तीच ठेवून रॅम कमी करण्याची युक्ती उत्पादकांना सोपी जाते, म्हणून नावावर न जाता तपशिलाचा तक्ता वाचावा.

प्रोसेसरच्या आकड्यांतही फसगत होते. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक चिपेची रचना सांगतो : रायझन ७५२० हा नावाने नवा, पण त्याची रचना २०१९ सालच्या पिढीची, ७५४० मात्र खरोखर नव्या पिढीचा. नव्या यंत्रांवर झळकणाऱ्या ‘कोपायलट प्लस’ या शिक्क्यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारे स्वतंत्र एआय एकक लागते. निव्वळ या शिक्क्यासाठी जादा रक्कम मोजावी, इतका त्याचा रोजचा उपयोग अद्याप सामान्य ग्राहकाला झालेला दिसत नाही. मागील पिढीचे, पण भरपूर रॅमचे यंत्र हा बहुतेकांसाठी शहाणा सौदा ठरतो.

व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी तारखेकडेही पाहावे. संगणकावर प्राप्तिकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर त्या वर्षी निम्माच. त्यामुळे ‘३१ मार्चपूर्वी घ्या, कर वाचेल’ हा विक्रेत्याचा आग्रह अर्धाच खरा. जीएसटी नोंदणी असल्यास आणि व्यवसायाच्या नोंदणी क्रमांकासह बिल घेतल्यास भरलेल्या कराची वजावट नियमानुसार मिळू शकते.

जुने यंत्र बदल्यात देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून साठवण पूर्णपणे पुसावी. फायली नुसत्या ‘डिलीट’ केल्याने त्या नष्ट होत नाहीत.