भटके आणि भटकंती

मराठीत एकाच क्रियापदातून निघालेले दोन शब्द आहेत. एक 'भटकंती' आणि दुसरा 'भटके'. पहिला शब्द रविवारच्या पुरवणीत भेटतो. त्याच्यासोबत सुट्टी, गाडी, कॅमेरा आणि घाटातली गरमागरम भजी येतात. दुसरा शब्द 'भटके-विमुक्त' अशा जोडीने सरकारी कागदावर भेटतो आणि त्याच्यामागे पोलीस ठाण्याच्या हजेरीचा इतिहास असतो. फिरणे तेच, रस्ताही पुष्कळदा तोच. मग एकाचे फिरणे हौस आणि दुसऱ्याचे फिरणे संशयास्पद, असे कधी आणि कसे झाले? आजच्या भाषणात मी याच प्रश्नाचा माग काढणार आहे आणि त्यासाठी सुरुवात पोहरादेवीपासून करणार आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. जगदंबा देवीचे स्थान आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते. तेलंगण, आंध्र, कर्नाटकातून आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांतून माणसे येतात. परंपरेनुसार सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ चा, आजच्या आंध्र प्रदेशातला. वडील भीमा नायक हे मोठ्या गोधनाचे मालक होते, असे सांगतात. जन्म तिकडे आणि समाधी इकडे वऱ्हाडात, एवढ्यावरूनच त्या काळचा बंजारा किती मुलूख तुडवत असे, याची कल्पना येते.

बंजाऱ्यांच्या या व्यापाराला त्यांच्या बोलीत 'लदेणी' म्हणतात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादायच्या, त्यांत धान्य किंवा मीठ भरायचे आणि निघायचे. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. गाडीला रस्ता लागतो, बैलाला पायवाट पुरते. म्हणून जिथे चाक पोचत नव्हते, तिथे तांडा पोचत होता. मोहिमेवरच्या फौजा आणि दुष्काळात सापडलेला मुलूख, दोघांचेही डोळे तांड्याच्या वाटेकडे लागलेले असत.

सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी हे तांडे पाहिले आणि थक्क होऊन लिहून ठेवले. पीटर मंडी या इंग्रजाला १६३२ साली एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते. तो लिहितो की हे लोक बायकामुलांसह, सारा संसार घेऊन चालतात. दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त जात नाहीत. मुक्कामाला ओझी उतरवली की बैल चरायला सोडतात, कारण जमीन भरपूर आहे आणि मनाई करणारा कोणी नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला तर तो संपूर्ण पार होईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागते, अशी त्याची तक्रार आहे.

या तक्रारीची आठवण मला अगदी वेगळ्या ठिकाणी झाली. माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. मागे तो सुट्टीत सहकुटुंब गाडी घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर फिरून आला. फोनवर कौतुकाने सांगत होता, "मामू, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि रस्ता एवढा अरुंद, की समोरून गाडी आली की बाजूच्या कोपऱ्यात थांबायचं. एका घाटात तर आम्ही कितीतरी वेळ थांबलो." घाटाचे नाव विचारले तर म्हणाला, "बेलाख ना बा." गेलिक भाषेतले हे नाव. त्याचा अर्थ 'गुरांची खिंड'.

ब्रिटनमधल्या निसर्गरम्य मोटारप्रवासांत आज या वाटेचे नाव फार वरचे आहे. इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालून परत येणारा सुमारे पाचशे मैलांचा एक मार्ग २०१५ साली 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने पुढे आणला गेला. ही खिंड त्याच मार्गावर आहे. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंची आणि आपल्या घाटांसारखी नागमोडी वळणे. उन्हाळ्यात तिथे फिरत्या घरांसारख्या मोठ्या गाड्यांची एवढी गर्दी होते की स्थानिक लोक वैतागले आहेत. ताव्हेर्निएची तक्रार आता ते करतात, फरक एवढाच की वाट अडवणारा बैल राहिला नाही.

पण नाव गुरांचे का? कारण गाडीरस्ता १८२२ साली झाला, त्याआधीपासून ही गुरे हाकणाऱ्यांची वाट होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गुरे पायी चालवत दक्षिणेला क्रीफ आणि फॉलकर्कच्या बाजाराला नेत, तिथून पुढे इंग्लंडला. स्काय बेटावरची गुरे खाडी पोहून पार करत, एकीच्या शेपटीला मागचीची दोरी बांधून. लांबच्या खडबडीत रस्त्यासाठी गुरांना नाल मारत. हे गुराखी दिवसाला दहा-बारा मैल चालत, रात्री उघड्यावर झोपत. आपला लमाण आणि त्यांचा हा गुराखी एकमेकांच्या शेजारी शेकोटीला बसले असते, तर भाषा कळली नसती तरी बैलाच्या खुराचे दुखणे दोघांनाही कळले असते.

दोघांचा धंदाही बहुतेक एकाच शत्रूने बसवला. तो म्हणजे रेल्वे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गुरे आगगाडीत चढली आणि वाटा ओस पडल्या. आपल्याकडे १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि १८६७ पर्यंत रूळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. रुळांसोबत गाडीरस्ते आले आणि मिठावर सरकारचा करडा हात होताच. अवघ्या साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, १८०३ च्या मोहिमेत, आडगाव आणि गाविलगडच्या लढायांच्या वेळी वेलस्ली याच वऱ्हाडात होता. बंजाऱ्यांच्या धान्याशिवाय आपली फौज चालत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. ज्यांच्या बैलांवर साम्राज्य पुढे सरकले, त्यांची गरज रुळ पडताच संपली.

इथपर्यंत दोन्ही कथा सारख्या आहेत. इथून पुढे मात्र त्या वेगळ्या होतात.

ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवी हौस आली होती, देखावा बघायला जाण्याची. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने वाय नदीकाठच्या प्रवासावर १७८२ साली पुस्तक छापले आणि निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा, हे लोकांना शिकवले. हौशी प्रवासी खिशात काळसर काचेचा बहिर्गोल आरसा ठेवत. डोंगराकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशातला डोंगर बघायचा. आज आपण पाठमोरे होऊन मोबाइलमध्ये स्वतःसकट डोंगर टिपतो, तेव्हा फार नवे काही करत नाही. त्या चित्रांत जिप्सींची पाले, धनगर, गुराखी हौसेने रंगवले जात. चित्रात ते शोभून दिसत. प्रत्यक्षात मात्र १८२४ च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्याने उघड्यावर झोपणारा गरीब माणूस इंग्लंडात गुन्हेगार ठरत होता.

मग १८७१ साल आले. मला हे साल इतिहासातले फार बोलके साल वाटते. त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने बँक हॉलिडेचा कायदा केला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी मिळाली आणि लोक आगगाड्या भरभरून समुद्रकिनाऱ्यावर गेले. सामान्य माणसाच्या हौशी भटकंतीला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानात त्याच राज्यकर्त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माने गुन्हेगार ठरवणे, नावनोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. पुढे १९११ आणि १९२४ साली तो आणखी विस्तारला. निरनिराळ्या प्रांतांत लमाण-बंजाऱ्यांच्या शाखाही त्याच्या जाळ्यात आल्या. एकाच वर्षात, एकाच साम्राज्यात, एकाला हिंडायची सुट्टी मिळाली आणि दुसऱ्याच्या हिंडण्यावर पहारा बसला. 'भटकंती' आणि 'भटके' या शब्दांमधले अंतर मोजायचे असेल, तर ते मे ते ऑक्टोबर १८७१ एवढे आहे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा पुस्तकातून जातो, जिभेवरून लवकर जात नाही. आमच्या मुसलमान मोहल्ल्यात आमची दादी उनाडक्या करणाऱ्या पोराला म्हणायची, "बंजारों जैसा क्या फिरता रे?" बंजाऱ्यांमध्ये मुसलमान बंजारेही आहेत, हे तिला माहीत नव्हते. आणि बंजारा उगाच फिरत नव्हता, फिरला नसता तर आमच्या आजा-पणजाच्या ताटात मीठ आले नसते, हेही तिला कोणी सांगितले नव्हते. कवितेत आम्ही मंडळी 'बंजारा मन' वगैरे सहज लिहून जातो. कवितेतल्या बंजाऱ्याच्या पाठीवर गोणी नसते, म्हणून तो इतका हलका वाटतो.

तांडे स्थिरावले, शेती करू लागले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पोहरादेवीत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे सारे मोठे आहे. तरीही दिवाळीनंतर मराठवाड्यातले कितीतरी तांडे अर्धे रिकामे होतात. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरे, सगळा संसार सोबत. मंडीने चारशे वर्षांपूर्वी वर्णन केले तसाच. त्याच रस्त्यावरून, त्याच हिवाळ्यात आपल्या गाड्याही सहलीला निघालेल्या असतात. आपण काच खाली करून देखावा बघतो. ट्रॉलीतली बाई तोच देखावा बघत असते, पण तिच्या फिरण्याला कोणी भटकंती म्हणत नाही.

म्हणून मला पोहरादेवीची यात्रा फार मोलाची वाटते. जीप, टेम्पो, ट्रॅव्हल्सच्या गाड्या शेकडो मैल धावून येतात. सागाची जंगले, उन्हाने करपलेले माळ आणि फुललेले पळस यांमधून रस्ता येतो. या प्रवासात मुकादमाची उचल डोक्यावर नसते, कोणाचे धान्य वेळेवर पोचवायचे नसते, कोणाच्या फौजेसाठी चालायचे नसते. ज्यांच्या पूर्वजांनी सगळ्यांसाठी रस्ते तुडवले, ते या एका प्रवासात स्वतःसाठी रस्त्यावर असतात. नंगारा वाजतो, गोरबोलीतली गाणी होतात. सहलीचा आनंद म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आपल्या सगळ्याच सुंदर वाटा अशा कोणाच्या तरी पोटाच्या वाटा आहेत. नाणेघाटात पावसाळ्यात गर्दी करणारे आपण तिथला दगडी रांजण बघतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली माल्कमने खुला केला. पण वाट दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी लोककथा आहे आणि घाटात त्याचे देऊळ आहे. गाड्या थांबतात, नाणे टाकतात, पुढे जातात. धनगराला निदान देऊळ तरी मिळाले.

स्कॉटलंडमध्ये गुरे हाकणाऱ्यांची आठवण खिंडींच्या नावांत, नकाशांत, रस्त्याकडेच्या जुन्या खानावळींच्या पाट्यांवर टिकली आहे. त्यांच्या वाटांवर एकेक पुस्तक लिहिले गेले आहे. आपल्याकडे लदेणीच्या वाटा कुठून कुठे जात, मुक्काम कुठे पडे, पाणी कुठे मिळे, हे अजून काही तांड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहे, बायकांच्या गाण्यांत आहे. ते लिहून घेणारे थोडे आहेत आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

आता समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. मुंबई-नागपूरकडे जाणाऱ्यांना कारंज्याजवळ उतरून पोहरादेवीला वाट वाकडी करणे अवघड राहिलेले नाही. कधी त्या बाजूने गेलात तर समाधीचे दर्शन घ्या, संग्रहालय बघा आणि जवळच्या एखाद्या तांड्यावर थोडा वेळ बसा. एखाद्या आजोबांना विचारा की तुमच्या आज्याची बैले कोणत्या वाटेने जात होती. ते हात उचलून ज्या दिशेला दाखवतील, तिकडे नीट बघा. त्या दिशेला बहुधा आज एखादा डांबरी रस्ता असेल.